तबकडीचे शिष्य

सन २०२३ च्या भाद्रपदांतील गोष्ट. गणपति पोंचवून दोन दिवस झाले होते, आरास अजून पुरती उतरली नव्हती, आणि आम्ही दिवाणखान्याशेजारच्या खोलींत वर्तमानपत्र घेऊन पडलों होतों. इतक्यांत बाहेर विजेवरच्या गिटारचा एक भरदार सूर उमटला. त्याच्या पाठोपाठ ढोलाचा घाव, आणि मग अगदीं वरच्या पट्टींतील एक ताणलेला पुरुषी आवाज. हातांतील पान तसेंच राहिलें. स्वयंपाकघरांतून वहिनींनीं विचारलें, "ह्यांची तबकडी कोणीं काढली रे?"

हाच प्रश्न आमच्याहि मनांत आला होता. आमचे वडील बंधू अण्णा २०१९ मध्यें वारले. त्यांच्या तबकड्यांची पेटी त्यांच्या खोलींत जशीच्या तशी आहे. तिला हात लावूं नये असा नियम कोणींहि केलेला नाहीं; पण कोणीं लावलेला नाहीं एवढें खरें. बाहेर जाऊन पाहतों तों अण्णांचा नातू जमिनीवर मांडी घालून बसलेला, आणि यंत्रावर फिरत होती ती तबकडी कोरी करकरीत.

"आजोबांची नाहीं हो ही, बापूआजोबा," तो म्हणाला. "नवी आहे. जुलैमध्यें निघाली."

त्या दिवशीं ती एक बाजू आम्हीं उभ्यानेंच ऐकली, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही रागावलों. घरांतील एका रिकाम्या खुर्चीवर कोणी परका इसम येऊन, तिच्या मालकाचा सदरा अंगांत घालून बसावा, तसें कांहींसें वाटलें. पुढें ती तबकडी आम्हीं अनेकदां ऐकली. कधीं नातवासह, कधीं एकट्यानें, कधीं वहिनी दाराशीं निवडणें घेऊन बसल्या असतां. तिच्याविषयीं बरें-वाईट जें वाटलें तें येथें लिहीत आहों.

तबकडीचें नांव 'स्टारकॅचर', आणि गाणाऱ्या मंडळीचें नांव 'ग्रेटा व्हॅन फ्लीट'. ही मंडळी अमेरिकेंतील. मिशिगन प्रांतांत फ्रँकनमुथ म्हणून पांचएक हजार वस्तीचें एक गांव आहे. बव्हेरियांतून आलेल्या लूथरपंथी कुटुंबांनीं तें १८४५ मध्यें वसविलें, आणि अद्यापहि तेथील घरांची धाटणी जर्मनच आहे. ह्या गांवांतील किस्का कुटुंबांतले तीन भाऊ आणि त्यांचा एक मित्र, असे चौघे जण. जॉश गातो, त्याचा जुळा भाऊ जेक गिटार वाजवितो, त्यांच्याहून तीन वर्षांनीं धाकटा सॅम खर्जाची गिटार व पेटीसारखीं वाद्यें सांभाळतो, आणि डॅनी वॅगनर ढोलावर असतो. २०१२ मध्यें त्यांनीं मेळ जमविला तेव्हां जुळे भाऊ सोळा वर्षांचे होते आणि सॅम तेराचा. गांवांतील एका वृद्ध बाईंचें नांव कानावर आलें, तें आवडलें, त्यांतील एक अक्षर गाळून मंडळीला देऊन टाकलें. घरीं वडिलांच्या संग्रहांत जुन्या तबकड्या होत्या, त्यांवरच ह्या मुलांचे कान वाढले. म्हणजे कारखाना घरगुती आणि भांडवल वडिलोपार्जित. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं.

नवल आहे तें पुढें. ह्या मुलांच्या जन्मापूर्वीं सोळा वर्षें जी मंडळी मोडली, तिचाच आवाज ह्यांच्या गळ्यांतून व हातांतून निघतो. ती मंडळी म्हणजे विलायतेंतील 'लेड झेपेलिन'. १९६८ मध्यें ती उभी राहिली, आणि १९८० मध्यें तिचा ढोलवादक जॉन बॉनम वारल्यावर उरलेल्या तिघांनीं ती बंद केली. आमच्या अण्णांची पेटी म्हणजे मुख्यत्वें हीच मंडळी. १९७४ मध्यें कॉलेजांत असतांना त्यांनीं तिची चौथी तबकडी कोणाकडून तरी जुनी विकत घेतली, आणि घरांत जो गजर सुरू झाला तो त्यांना नोकरी लागेपर्यंत थांबला नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा प्रकार निव्वळ गोंगाट वाटत असेल. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटे. तथापि त्या गोंगाटाला एक बांधणी आहे, आणि ती समजण्यास आपला कान अगदींच निरुपयोगी नाहीं. ह्या संगीताचा पाया 'रिफ'. रिफ म्हणजे थोड्याशा सुरांचा एक लहान तुकडा. तो गिटारवर पुन्हां पुन्हां येतो, आणि बंदिशीचा मुखडा जसा गवयाला समेवर आणून सोडतो तसा सर्व गाण्याला ठिकाणावर आणतो. सूर बहुधा पांचच: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम व कोमल निषाद. गंधार मात्र कोमल आणि शुद्ध यांच्यामध्यें कोठेंतरी लोंबकळत ठेवावयाचा, आणि तार बोटानें ओढून त्यावर मींड काढावयाची. ही अमेरिकेंतील निग्रो लोकांच्या ब्लूज गाण्याची देणगी होय. त्यावर विजेचा संस्कार झाला. कांचेच्या नळ्यांचा ध्वनिवर्धक त्याच्या शक्तीबाहेर ताणला म्हणजे सूर फाटतो. त्या फाटण्यालाच ह्या लोकांनीं अलंकार मानलें.

आमचे वडील नाना सवाई गंधर्व महोत्सवाचे नेमाचे श्रोते. अण्णांची तबकडी चालू असतांना ते एकदां दारांत थांबले, दोन आवर्तनें ऐकलीं आणि म्हणाले, "अरे, हा तर धानी. नुसता ताप चढला आहे त्याला." घरांत तें वाक्य पुढें कित्येक वर्षें चाललें.

असो. अशा संगीताची हुबेहूब नक्कल तीन पोरसवदा भावांनीं केली तर काय होईल? जें व्हावयाचें तेंच झालें. २०१७ मध्यें त्यांचीं पहिलीं गाणीं बाहेर पडतांच लोक थक्क झाले आणि जाणते चिडले. २०१८ मध्यें त्यांचा पहिला पूर्ण गीतसंग्रह निघाला, त्यास 'पिचफोर्क' ह्या अमेरिकन पत्रानें दहापैकीं १.६ गुण दिले. एवढे कमी गुण देण्यास परीक्षकालाहि मेहनत पडली असेल! लगेच पुढच्या फेब्रुवारींत त्यांच्या आधींच्या संग्रहास सर्वोत्कृष्ट रॉक संग्रहाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. खुद्द झेपेलिनचे गायक रॉबर्ट प्लँट यांनींहि, ही मंडळी म्हणजे आमची पहिली तबकडीच, असा शेरा अर्ध्या थट्टेनें मारला.

ह्या तक्रारीचा आम्हीं बराच विचार केला, कारण पहिल्या दिवशीं आमचीहि तक्रार तीच होती. पण आपल्याकडे शिष्य हुबेहूब गुरूसारखा गाऊं लागला तर आपण त्याला चोर म्हणत नाहीं. उलट, डोळे मिटून ऐकलें तर बुवाच बसले आहेत असें वाटलें, म्हणून त्याची पाठ थोपटतों. कुमार गंधर्व लहानपणीं थोर गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गळ्यांतून काढून दाखवीत, आणि त्यासाठींच सभा भरत. भीमसेन जोशी पोरवयांत अब्दुल करीम खांसाहेबांची तबकडी ऐकून इतके वेडे झाले कीं गुरूच्या शोधांत घर सोडून निघाले. नक्कल ही गायनाची पहिली पायरी आहे, गुन्हा नाहीं.

मात्र ह्या दोन्ही उदाहरणांत पुढें एक गोष्ट घडली, आणि ती विसरून चालणार नाहीं. कुमारांना देवधर मास्तर भेटले, भीमसेनांना सवाई गंधर्व भेटले. समोर बसलेला गुरु जसा देतो तसा अडवितोहि. "हें माझ्या गळ्याचें आहे, तें तूं घेऊं नकोस," असें सांगणारा कोणी लागतो. तबकडी हें कधींच सांगत नाहीं. ती गुरूचें पिकलेलें फळ तेवढें हातावर ठेवते. त्यानें काय टाकून दिलें, कशावर वर्षें घालविलीं, कोणत्या जागीं तो स्वतः फसला, ह्याचा तिच्यांत मागमूस नसतो. शंभर वेळां लावा, शंभर वेळां ती खूषच! मातीच्या द्रोणाचार्यापुढें शिकलेल्या एकलव्याची विद्या अस्सल होती ह्यांत शंका नाहीं. पण त्या मूर्तीनें त्याची चूक एकदांहि काढली नसेल.

आणि झेपेलिन तरी कोठें मोठे सोवळे होते? तेहि तबकडीचेच शिष्य. विलायतेंतील त्या पिढीच्या मुलांनीं अमेरिकेंतील काळ्या गवयांच्या तबकड्या मिळवून मिळवून ब्लूज घोटला. त्यांच्या १९६९ मधील एका सुप्रसिद्ध गाण्यांत मडी वॉटर्स यांनीं १९६२ मध्यें गाइलेल्या गीताचा अंश होता, आणि मूळ कवि विली डिक्सन यांचें नांव तबकडीवर नव्हतें. डिक्सन यांस १९८५ मध्यें कोर्टाची पायरी चढावी लागली. १९८७ मध्यें तडजोड झाली आणि पुढें त्यांचें नांव घालण्यांत आलें. आपल्याकडील कोणीहि गवई सदारंगाची चीज गातो तेव्हां 'सदारंग' ही मुद्रा चिजेंतच गुंफलेली असते. ती गाळून गाणें अशक्य. चीज उचलणें आणि गायकी उचलणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किस्का बंधूंनीं गायकी घेतली आहे. गुरूनें स्वतः केलेल्या अपराधापेक्षां शिष्याचा अपराध लहान आहे, असें आमचें मत झालें.

येथें एक आडवळण घेतल्यावांचून राहवत नाहीं. १९७२ मध्यें प्लँट आणि गिटारवादक जिमी पेज मुंबईस आले होते, आणि मुंबईंतील वादकांना बरोबर घेऊन त्यांनीं आपलीं दोन गाणीं तेथें ध्वनिमुद्रित केलीं. तें मुद्रण अधिकृतपणें बाहेर पडलें तें तब्बल २०१५ मध्यें. अण्णा १९७२ मध्यें पुण्यास पहिल्या वर्षाला होते. ज्यांच्यासाठीं पुढें त्यांनीं नानांची बोलणीं खाल्लीं ते दोघे डेक्कन क्वीनच्या एका फेरीइतक्या अंतरावर आहेत, ह्याची त्यांना वार्ताहि नव्हती. २०१५ मध्यें कळलें तेव्हां ते कितीतरी वेळ नुसते हंसत होते, आणि मग दोन दिवस कोणाशीं फारसें बोलले नाहींत.

आतां प्रत्यक्ष तबकडीकडे वळूं. दहा गाणीं, सारा मिळून पाऊण तासाच्या आंतला मामला. ध्वनिमुद्रण नॅशव्हिल येथील 'आर. सी. ए. स्टुडिओ ए' मध्यें झालें, आणि देखरेख डेव्ह कॉब यांची. हा स्टुडिओ १९६५ चा. मोठा वाद्यवृंद एकाच वेळीं बसेल एवढें त्याचें दालन आहे. २०१४ मध्यें तो पाडण्याचा घाट घातला गेला होता, पण कांहीं रसिकांनीं पुढें होऊन तो वांचविला. जुन्या सुराचा ध्यास घेतलेल्या पोरांनीं जागाहि जुनी पाहिली, हें योग्यच झालें. हल्लींचें पुष्कळसें गाणें तुकड्या-तुकड्यांनीं, यंत्राच्या टिकटिकीवर मापून जोडलेलें असतें. ह्या तबकडींत दालन ऐकूं येतें. ढोलाचा घाव पडला कीं तो भिंतीपर्यंत जाऊन परत येतो. झेपेलिननें १९७१ मध्यें एका जुन्या हवेलीच्या जिन्याखालीं ढोल मांडून, वरच्या मजल्यावरून मायक्रोफोन सोडले होते, आणि तो घुमारा अद्याप लोक विसरलेले नाहींत. डॅनी वॅगनरनें तो घुमारा पुरता ओळखला आहे. चौघांत कोणाचा हात सर्वांत विश्वासाचा असेल तर तो ह्याचा.

पहिलें गाणें 'फेट ऑफ द फेथफुल' भारदस्त आहे; फार भारदस्त आहे असेंहि म्हणतां येईल. जॉश ज्या उंचीवर आवाज नेतो तेथें तो टिकवितोहि, परंतु पुनः पुनः तेथेंच जातो. तारसप्तकांतच घर बांधून राहणाऱ्या गवयाची जी गत होते ती त्याची होते: ऐकणाऱ्याला पहिल्यांदा आश्चर्य, दुसऱ्यांदा कौतुक, आणि तिसऱ्यांदा तहान लागते. शब्दांबद्दल न बोललेलें बरें. आकाश, प्रकाश, धनुर्धर, प्रवासी, असें सर्व धुक्यांत फिरत असतें. कवीला काय म्हणावयाचें आहे हें नातवालाहि सांगतां येईना. 'सेक्रेड द थ्रेड' ह्या गाण्याचें नांव 'पवित्र सूत्र' असें आम्हीं वहिनींस सांगितलें, तर त्या म्हणाल्या, "अगबाई, मुंजीचें गाणें कीं काय?" मुंजीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, पण गाणें उत्तम आहे. ठाय लयींत, जड पावलांनीं चालणारा ढोल, आणि त्यावर आवाज जरा मोकळा सोडलेला.

'रनवे ब्लूज' अवघ्या सव्वा मिनिटाचें. सुरू होतें न होतें तोंच संपतें. आणि चमत्कार असा कीं, सबंध तबकडींत तेवढ्या सव्वा मिनिटांतच हीं मुलें सर्वांत आनंदी वाटतात. कोणाला कांहीं सिद्ध करावयाचें नाहीं, कोणी पाहत नाहीं, चौघे आपले वाजवीत आहेत. भाऊ-भाऊ एकत्र वाजवितात तेव्हां एक लाभ होतो, तो पैसे देऊन मिळत नाहीं. जेकनें सूर कोठें सोडला हें सॅमला पाहावें लागत नाहीं. लहानपणापासून त्याच्या पायांचा आवाज जिन्यावर ऐकलेला असतो. हें आम्हीं अनुभवानें लिहितों, संगीताच्या ज्ञानानें नव्हे.

दुसऱ्या बाजूचीं गाणीं मात्र आम्हांस एकमेकांत मिसळल्यासारखीं वाटलीं. एकाचा मुखडा दुसऱ्याला लावला तरी चालेल. येथें तबकडीचे शिष्य उघडे पडतात. रिफ दुसऱ्यांदा कां यावयाचा, कोठें थांबावयाचें, हें झेपेलिनला ठाऊक होतें, कारण त्यांनीं तें रात्री-रात्रीं सभांत चुकत शिकलें होतें. ह्यांना थांबा कोठें येतो तें पाठ आहे, पण तो कां येतो हें सर्वत्र कळलेलें नाहीं.

आणि मग शेवटून दुसरें गाणें येतें. नांव 'मीटिंग द मास्टर', म्हणजे चक्क गुरुभेट! तें साध्या, विजेवांचूनच्या गिटारनें सुरू होतें. आवाज खालीं, जवळ आल्यासारखा, ओरडणें नाहीं. कोणा एका गुरूच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या भक्ताचें तें गाणें आहे. तें हळूहळू चढत जातें, माणसें एकेक करून येऊन मिळतात, आणि शेवटीं सर्व वाद्यें एकदम कोसळतात. ही चढण झेपेलिनचीच युक्ति, ह्यांत वाद नाहीं. १९७१ मधील त्यांचें सर्वांत प्रसिद्ध गाणें असेंच पायरी-पायरीनें चढतें. पण येथें प्रथमच आम्हांस जॉशचा स्वतःचा आवाज ऐकूं आला. तो प्लँटहून कोवळा आहे आणि किंचित् कांपरा. एवढे दिवस तो हा आवाज सदऱ्याखालीं लपवून कां फिरत होता कोण जाणे.

वहिनी निवडणें थांबवून ऐकत होत्या. "हें पुन्हां लाव," त्या म्हणाल्या. नातवानें सुई उचलून मागें ठेवली.

दुसऱ्यांदा तें संपल्यावर त्यांनीं विचारलें, "ह्यांना आवडलें असतें का हो, भाऊजी?"

आम्हीं म्हटलें, अण्णा प्रथम चिडले असते, दहा गाण्यांपैकीं सहांवर काट मारली असती, आणि आपण झोपलों असें पाहून हेंच एक गाणें रात्रीं पुन्हां लावलें असतें. नातवाला हें पटलें नाहीं. तो ह्या तबकडीचा कैवारी आहे; तिचें नांव २०२४ च्या ग्रॅमीच्या यादींत होतें आणि पारितोषिक दुसऱ्यांस गेलें, ह्याचा राग त्यानें अद्याप सोडलेला नाहीं. तो म्हणाला, "तुम्ही सारखें खरें-खोटें म्हणतां. पण आजोबांनीं तरी झेपेलिनला कुठें पाहिलें होतें? त्यांच्याकडेहि तबकडीच होती ना?"

ह्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वहिनी उठल्या, आंत गेल्या, आणि पेटीची किल्ली घेऊन आल्या. चार वर्षांनीं झांकण उघडलें. चौथी तबकडी वरच होती. नातवानें ती वेष्टनांतून काढतांना आंतला कागदी लखोटा उलटा झाला, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनें कांहीं लिहिलेलें दिसलें. पहिल्या गाण्याच्या रिफचे सूर, त्याखालीं मात्रांच्या रेघा. त्या रिफच्या मात्रा चमत्कारिक आहेत. गिटार एका हिशेबानें चालते आणि ढोल दुसऱ्या. लिहिणाऱ्यानें दोनदां मोजून दोनदां खोडलें होतें, आणि कोपऱ्यांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें, "ढोल चारांतच आहे. पुन्हां ऐकणें."

"आजोबांचें अक्षर?" नातवानें विचारलें.

वहिनींनीं लखोटा उजेडाकडे धरला. "नव्हे रे," त्या म्हणाल्या. "हें मामंजींचें."